राज्यशास्त्राला माणूस पाहिजे

प्राचार्य म्हणून निवृत्त झालेल्या बाईला लोक हमखास एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, तुमचे किती विद्यार्थी मोठे झाले?" शिकवायला माणसं कुठून आणलीत, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. अहो, विद्यार्थी आपल्या पायांनी येतात. प्राध्यापक आणावा लागतो. आणल्यावर बसवावा लागतो, बसल्यावर टिकवावा लागतो, आणि एवढं करून पोळ्याच्या आत तो नागपूरला पळाला, तर पुन्हा जाहिरातीपासून सुरुवात. स्वतःचं लग्न मी कधी मनावर घेतलं नाही, पण भंडारा जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात बसून मी जे केलं त्याला वधूवर सूचक मंडळ म्हणायला माझी काही हरकत नाही.

कॉलेजचं नाव सांगत नाही. तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चर्चच्या आवारातच असलेलं मिशनचं छोटंसं कला महाविद्यालय. सत्तरच्या सुमारास मी तिथे इंग्रजी शिकवायला आले आणि पुढे प्राचार्यांची खुर्ची माझ्या गळ्यात पडली. संस्थेच्या काही अटी होत्या. सकाळच्या प्रार्थनेला प्रत्येक शिक्षकाने हजर राहायचं, मग तो कुठल्याही धर्माचा असो. दुसरं म्हणजे आवारातल्या क्वार्टरमध्ये राहायचं. नागपूरहून अपडाऊन चालणार नाही. प्रार्थनेला घाबरून कुणी पळालं नाही. क्वार्टरला घाबरून मात्र बरेच पळाले. विहिरीचं पाणी, संध्याकाळी जाणारी वीज, आणि पावसाळ्यात मोरीतून डोकावणारे पाहुणे. कुणाकुणाला दोष देऊ?

बाहेरच्यांना वाटतं, मुलाखत म्हणजे चार प्रश्न विचारले की झालं. तसं नसतं बाप्पा. आधी पेपरात जाहिरात, मग अर्ज, मग निवड समिती. समितीत आमच्या संस्थेचे अध्यक्ष, मी, आणि विद्यापीठाने पाठवलेला एक तज्ज्ञ. त्या तज्ज्ञाला वेळ असेल तीच तारीख. निवडीनंतर विद्यापीठाची मान्यता. हे सगळं कागदावर. खरी मुलाखत असते ती उमेदवाराच्या बायकोची, किंवा आईची. एक चांगला हुशार मुलगा आईला घेऊन आला होता. तो आत आमच्याशी बोलत होता तेव्हा आई क्वार्टर पाहून आली, आणि समितीसमोरच त्याला म्हणाली, "चल रे, उठ." तो उठला. त्याचं वाक्यसुद्धा अर्धं राहिलं. दुसऱ्या एकाने रुजू होऊन सामान लावलं, पडदेसुद्धा लावले. मी म्हटलं, चला, हा टिकला! दिवाळीच्या सुट्टीत गेला तो गेलाच. पडदे पुढच्या माणसाने वापरले. चांगली माणसं होती ती. त्यांना थांबवता आलं नाही याची हळहळ अजून वाटते.

सगळ्यात जड जायचा तो राज्यशास्त्राचा माणूस. आणि नेमका हाच विषय आमच्या मुलांना हवा असायचा. कुणाचा काका सरपंच, कुणाला तलाठी व्हायचंय, कुणाला नुसतं राजकारणावर बोलायला आवडतं. शिवाय मुलांमध्ये असा एक समज होता की राज्यशास्त्र सोपं. असो.

ऐंशीनंतरच्या एका वर्षी आमचे राज्यशास्त्राचे सर उन्हाळ्यात नोकरी सोडून गेले. जून उजाडला, माणूस नाही. विद्यापीठाने स्पष्ट कळवलं, की या विषयाला पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षक नसेल तर विषय बंद करावा लागेल. आता विषय बंद म्हणजे काय, ते सांगते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलं एकतर दुसऱ्या गावच्या कॉलेजात जाणार, नाहीतर दुसरा विषय घेऊन तो पहिल्या वर्षापासून वाचणार. मुलगे जातीलही. मुली कुठे जातील?

त्यात आंबागडची कुंदा होती. किल्ल्याखालच्या गावातली, बाप जंगलात लाकडाच्या कामावर आणि थोडी धानाची शेती. आमच्या हॉस्टेलात राहायची. पोरगी फार काही चमकदार नव्हती, पण वर्गात सरांना अडवून "म्हणजे कसं?" विचारायची धमक होती. मे महिन्यात तिचा बाप पंढरी मला भेटायला आला होता. खुर्चीवर बसलाच नाही, दाराशीच उभा राहून म्हणाला, "बाई, पावने येऊन रायले पोरीले पाहाले. शेवटचा साल आहे म्हून थांबलो. पण मास्तरच नाई म्हन्तेत. शिकवाले मास्तर नसन, तं पोरीले कायले ठेवू इथं?"

"मास्तर येईल," मी म्हटलं.

"रोवणीलोग वाट पायतो जी," तो म्हणाला, म्हणजे धान लावून होईपर्यंत. "मंग घेऊन जाईन."

त्याच्या बोलण्यात काही चूक नव्हती, म्हणूनच मला जास्त राग आला. कुणावर, ते सांगता येणार नाही. पण तेव्हापासून मला जाहिरातीत राज्यशास्त्राची जागा दिसायची नाही, कुंदा दिसायची.

अर्ज आले, तज्ज्ञ ठरले. डॉ. नवघरे म्हणून एक गंभीर गृहस्थ. त्यांनी तारीख दिली ती ऐन रोवणीची. आमच्याकडे धानाची रोवणी म्हणजे काय, हे आमच्याकडच्यालाच कळतं. चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पऱ्हे म्हणजे रोपं लावायचे ते दिवस. गावात म्हातारं-कोतारं सोडून घरी कुणी सापडत नाही. कॉलेज उघडं असतं, पण वर्गात चिमण्या. मी तारीख बदलून मागितली. डॉक्टरसाहेबांना दुसरी सवड नव्हती.

आता अडचण अशी, की आमच्या संस्थेत नमुना पाठाची पद्धत होती. उमेदवाराने खऱ्या वर्गावर थोडा वेळ शिकवून दाखवायचं आणि समितीने मागच्या बाकावर बसून ऐकायचं. मी आमच्या अध्यक्षांना, म्हणजे चर्चचे पाळकच असलेल्या रेव्हरंड शिंदेसाहेबांना म्हटलं, "साहेब, एवढ्या वेळी पाठ राहू द्या. वर्गात कुणी नाही." साहेब भले माणूस होते, पण पद्धत म्हणजे पद्धत. शांतपणे म्हणाले, "मिस भालेराव, रिकामा वर्ग पाहून डॉक्टर म्हणतील, या विषयाला मुलंच नाहीत. आपण प्रभूवर भरवसा ठेवू." प्रभूवर भरवसा म्हणजे काय, ते मला मुलाखतीच्या सकाळी कळलं.

डॉ. नवघऱ्यांना घेऊन मी वर्गाच्या दारात गेले आणि तिथेच थांबले. वर्ग गच्च भरलेला. समोरच्या बाकापासून शेवटपर्यंत आमच्या चर्चचं महिला मंडळ! ठेवणीतली लुगडी, डोक्यावर पदर, प्रत्येकीच्या मांडीवर बायबल आणि गीतांचं पुस्तक. पहिल्या बाकावर मंडळाच्या अध्यक्ष सुशीलाबाई, म्हणजे खुद्द रेव्हरंडसाहेबांची पत्नी. साहेबांनी उपासनेनंतर सांगितलं होतं म्हणे, "भगिनींनो, कॉलेजला श्रोत्यांची गरज आहे." मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला आणि जवळच्या मार्थाबाईंना विचारलं, "आपण कोणत्या वर्गात?"

मार्थाबाई मांडीवर बायबल घेऊन खोटं कसं बोलणार? "मी तं मंडळाची मेंबर आहो जी. पाळकसायबानं बसाले सांगतलं, म्हून बसलो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरळ सांगून टाकलं, "सर, खरी मुलं रोवणीवर आहेत. हे मला आत्ताच कळतंय." ते फक्त "हं" म्हणाले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. संपलं, मी मनात म्हटलं. विषयही गेला आणि कॉलेजची अब्रूही.

पहिला उमेदवार नागपूरचा. कडक इस्त्री, भरदार आवाज. त्याने सार्वभौमत्वाला हात घातला. आवाज चढवत चढवत तो एका वाक्याच्या टोकाला पोचला आणि टाळीची वाट पाहत थांबला. मंडळाला मंचावरच्या माणसाने आवाज चढवून थांबण्याचा एकच अर्थ ठाऊक. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "आमेन!" तो दचकला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला, पुन्हा आमेन. शेवटी बिचारा मान खाली घालून न थांबता भरभर बोलत सुटला आणि बाहेर पडल्यावर पहिली चौकशी बसची केली. दुसऱ्याने दारातूनच वर्ग पाहिला आणि मला म्हणाला, "मॅडम, मी प्रौढ शिक्षणासाठी अर्ज केला नव्हता." वर चढलाच नाही.

उरला तिसरा. सुखदेव रामटेके. लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीचा, तिकडेच एका शाळेत मास्तर. नोकरी करता करता एम.ए. केलेलं. पांढरा बुशशर्ट, पँटच्या पायाला चिखल उडालेला. त्याने खडू उचलला, वर्गाकडे पाहिलं, आणि खडू परत ठेवला.

"बाई, तुमचं मंडळ आहे ना? मंडळाच्या अध्यक्ष कोण जी?"

सगळ्यांनी सुशीलाबाईंकडे बोट केलं.

"केव्हापासून?"

"पहिल्यापासूनच."

"निवडलं कोणी?"

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. निवडायचं काय त्यात? पण या माणसाला काय माहीत, की त्या कुणाच्या पत्नी आहेत! मागच्या बाकावर साहेब ताठ बसले होते, आणि त्यांच्याशेजारी मी हातातला रुमाल पिळत होते.

"बरं," रामटेके म्हणाले. "आता हा वर्ग म्हणजे लोकसभा. तुम्ही सगळ्या निवडून आलेल्या. आन् या बाई पंतप्रधान. पंतप्रधानाची खुर्ची कशावर उभी असते? तुमच्या विश्वासावर. तुमचा विश्वास गेला, का खुर्ची गेली. पाच वर्षं पुरी व्हायची वाट पाहावी लागत नाही. पण विश्वास गेला हे घरी चुलीपाशी बसून बोलायचं नाही. सभागृहात, तोंडावर सांगायचं. सांगा, सरकारविषयी कोणाची काही तक्रार?"

मार्थाबाई उठल्या. "नाताळात राबतो आमी. चकल्या आमी तळाच्या, भांडे आमी घासाचे. आन् भाषण दरसाल बाईचंच!"

"आन् मीटिंग भर दुपारी ठेवते," दुसरी म्हणाली. "आमाले कामं नाई का?"

मग काय विचारता! वर्षानुवर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. रामटेक्यांनी एकेकीला उभं करून बोलायला लावलं, दोघी एकदम बोलायला लागल्या तर एकीला खाली बसवलं, आणि सुशीलाबाईंनाही उत्तर द्यायला पुरती संधी दिली. त्या गोंधळून एवढंच म्हणाल्या, "मले कोणी काही सांगतलंच नाई." मग रामटेक्यांनी ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितले. एक हात वर झाला. मग तीन. मग सगळा वर्ग.

"सरकार पडलं," रामटेके म्हणाले. "याला म्हणतात अविश्वास ठराव."

या वेळी आमेन नाही झालं. टाळ्या झाल्या. सुशीलाबाई उभ्या राहिल्या आणि अगदी शाळकरी मुलीसारखं विचारलं, "मंग आता मी काय करू जी?"

"राजीनामा द्या आणि इथंच बसा. तुमची खुर्ची गेली, बाक नाही गेला. पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभं राहता येते."

माझ्या शेजारी साहेबांचा चेहरा लालबुंद झालेला. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही येत होतं. इतक्या वर्षांत मी एवढा चांगला पाठ ऐकला नव्हता, आणि हा माणूस आता आपल्याला मिळणार नाही, हेही मला दिसत होतं. नेमणुकीच्या कागदावर सही साहेबांची.

समिती माझ्या खोलीत बसली. आधी डॉ. नवघरे बोलले. "मुलांचं म्हणाल, तर सकाळी रस्ता विचारायला आम्ही जीप थांबवली होती. बांधीत पऱ्हे लावणाऱ्या पोरींनी रस्ता सांगितला आणि वर म्हणाल्या, राज्यशास्त्राच्या मुलाखतीला चालले का सर, चांगला माणूस पाहा जी, आमचं शेवटचं वर्ष आहे. तेव्हा या विषयाला मुलं आहेत, याची माझी खात्री पटलेली होती. त्या भगिनींना उगीच त्रास दिलात." मी खुर्चीत मागे टेकले. "आणि माणूस तिसरा," ते म्हणाले. "दुसरा विचारच नको."

साहेब मग म्हणाले, "शिकवतात चांगलं. पण ज्यांनी पहिल्याच दिवशी मंडळीत फूट पाडली…"

"साहेब, फूट होतीच. त्यांनी फक्त हात वर करायला लावले!" माझा आवाज चढला. साहेबांपुढे मी एरवी असं बोलत नसे. "हा माणूस घालवलात तर विषय जाईल. आंबागडची एक मुलगी घरी जाईल. ती एकटीच नाही जाणार."

"मिस भालेराव, माझ्या पत्नीचा भर वर्गात अपमान झाला आहे."

नेमक्या त्याच वेळी सुशीलाबाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. त्यांनी ऐकलं होतं. ट्रे टेबलावर ठेवला आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

"माहा अपमान? अवो, मी तुमच्याशी लग्न केलं आन् दुसऱ्या दिवशी अध्यक्ष झाली. मले कोणी इचारलं का, बाई, तुले व्हाचं आहे का? दरसाल ते भाषण म्हटलं का मले आठ दिवस जेवण जात नोयतं. आज पयल्यांदा मोकळी झाली मी. डोक्यावरचा हंडा उतरला." मग नवऱ्याकडे बोट करून, "घ्या त्या पोराले. आन् चहा घ्या, थंडा होऊन रायला."

डॉक्टर नवघरे, ते गंभीर गृहस्थ, खिडकीकडे तोंड करून हसले. साहेबांनी आधी चहा घेतला. मग सही केली. त्यांच्याविषयी मला जो आदर आहे तो त्या सहीमुळे आहे. सही नाखुशीने केली, पण नंतर कधी त्यांनी तिच्याबद्दल कुरकुर केली नाही.

रामटेक्यांना आत बोलावलं. क्वार्टरमध्ये राहाल का? "राहीन," ते म्हणाले, "पण बायकोला दाखवून." प्रार्थनेला याल? "येईन. सगळ्यांबरोबर उभा राहीन. पण प्रार्थना म्हणणार नाही साहेब. आम्ही बौद्ध आहोत. माझ्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात प्रतिज्ञा घेतल्या, त्या आमच्या घरात रोज म्हणतात." एवढ्यात त्यांना कुणीतरी सांगितलं असावं की सुशीलाबाई कोण, कारण साहेबांकडे पाहताना ते जरा अवघडले होते. साहेब म्हणाले, "उभे राहा. तेवढं पुरे." आणि त्यांनी उठून रामटेक्यांशी हात मिळवला.

मान्यतेच्या मागे मी स्वतः नागपूरला जाऊन बसले. विद्यापीठातला कारकून मला पाहिलं की टेबलाखाली लपायचा म्हणतात, खोटं नसावं. मान्यता आली, रामटेके रुजू झाले. पहिले काही दिवस मी रोज सकाळी उठून त्यांच्या क्वार्टरच्या खिडकीत दिवा आहे का, ते पाहायची. माणसं पळून जाण्याची इतकी सवय झाली होती.

रोवणी आटोपली. मुलं परतली, नखांत अजून चिखल. कुंदा रोवणीला घरी गेलीच नव्हती, हॉस्टेलच्या मुलींबरोबर जवळच्याच बांध्यांवर जायची. आणि एका सकाळी पंढरी आला, सायकल घेऊन. मागच्या कॅरिअरला दोरी बांधलेली, पोरीची ट्रंक न्यायला. त्याच्यापर्यंत कुणी निरोप पोचवला नव्हता. मी लिहिलेलं कार्ड बहुधा पावसात कुठेतरी अडकलं.

"रोवणी झाली बाई," तो म्हणाला. "पोरीले घेऊन जातो."

मी नुसतं "या" म्हटलं आणि त्याला व्हरांड्यातून वर्गाच्या खिडकीपाशी नेलं. आत रामटेके शिकवत होते. कुंदा दुसऱ्या बाकावर उभी राहून त्यांच्याशी वाद घालत होती, "पण सर, राज्यपालाने ऐकलंच नाही तर? म्हणजे कसं?" बाप बराच वेळ ऐकत राहिला. आपली पोरगी एवढ्या मोठ्याने बोलते, हे त्याला ठाऊक नसावं. त्याने टोपी काढून हातात घेतली.

मग हळूच मला विचारलं, "हा रायते का जी? का हाही जाते?"

काय सांगणार? माझ्या शब्दावर मी तरी विश्वास ठेवला असता का? मी त्याला कोपऱ्यावरून क्वार्टर दाखवलं. रामटेक्यांची बायको अंगणात वाकून माती उकरत होती.

"काय लावून रायली ते?" पंढरीने विचारलं.

"वांगी."

तो पाहत राहिला. तिने रोपाभोवतीची माती हाताने दाबली, उठली, पाण्याचा गडू आणायला आत गेली.

"वांगे लावले," तो म्हणाला. "मंग रायते."

माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत. पंढरीने टोपी घातली, कॅरिअरची दोरी सोडून खिशात कोंबली, आणि कुंदाला हाकही न मारता सायकल आंबागडकडे वळवली.